भिंतीकडचं रोप

विडी घरकुलात आमचं अंगण म्हणजे
दोन बाजा टाकल्या की संपलं.
तिथे रंगाचे रिकामे डबे ठेवले, बुडाला खिळ्याने भोकं पाडून.
सहा ओळीने. सातवा, जागा नव्हती म्हणून,
कोंड्यालांच्या कारखान्याच्या भिंतीला चिकटून.

रोपवाटिकेतला पोरगा म्हणाला होता,
मावशी, फेब्रुवारी उजाडला. आता टोमॅटो लावायचा
तर वर हिरवी जाळी पाहिजे, नाहीतर पॉलिहाऊस.
दसऱ्यानंतर लावतात, गड्ड्याच्या जत्रेला खातात.
मी म्हटलं, मला भाव चढल्यावर खायचाय.
तो हसला. सात रोपं दिली, पैसे सहाचे घेतले.

जाळी कुठली आणू?
यमूलांच्या घरून नापास झालेली एक चादर आणली.
विणताना कुठेतरी धागा चुकलाय,
मोराची मान उलटी फिरलीय.
चार बांबूंवर ती ताणून बांधली.
साडेअकरा ते चार, रोपांवर
मागे वळून बघणाऱ्या मोराची सावली.

नळाला पाणी पाचव्या दिवशी.
म्हणून तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं,
आणि पाहुण्याने अर्धा ठेवलेला पेलाही.
मातीवर शेंगांची टरफलं अंथरली, ओल उडू नये.
पांढरी माशी आली तेव्हा सुपात उरलेला तंबाखूचा चुरा
रात्रभर भिजवून शिंपडला.
चाळीस वर्षं ही धूळ माझ्या छातीत जातेय.
तिने कुणाचं भलं केलेलं
मी पहिल्यांदा बघितलं.
तरी एकाची पानं आकसलीच. ते उपटून लांब टाकलं.

एप्रिलात फुलं आली. पिवळी, खाली मान घातलेली.
आणि गळाली.
सकाळी झाडू मारला की विडीपानाच्या कातरणांत
तीच पिवळी फुलं. ऊन त्रेचाळीसचं.
फक्त भिंतीकडच्या रोपाला
देठाशी हिरवे मणी धरलेले.
तेच ऊन, तेच पाणी, डबासुद्धा त्याच रंगाचा.

दोन दिवस विड्या वळत त्याच्यासमोर बसले.
मग दिसलं.
पलीकडे माग सुरू झाला की भिंत थरथरते,
भिंतीबरोबर डबा, डब्याबरोबर देठ,
आणि फुलातली धूळ, डोळ्याला दिसेल न दिसेल एवढी,
त्याच फुलात सांडते.
त्या खटखटीला मी काय काय बोलले होते.
पोरांचा अभ्यास, यांची झोप, माझं डोकं.

सगळे डबे भिंतीला लावले.
चादर तिकडे पुरेना, तर जुनं लुगडं जोडलं.
आठवड्यात आणखी तिघांना मणी.

मेच्या पहिल्या सोमवारी टेम्पो आला.
कोंड्यालांचे चार माग किलोवर गेले.
दुपारी एवढं शांत झालं
की शेजारणीच्या बांगड्या ऐकू येत होत्या.
मल्लेशम पायरीवर बसलेला,
हात मांडीवर ठेवले, उचलले, परत ठेवले.

म्हटलं, ये, काम आहे. मजुरी नाही.
सकाळी सातच्या आत, ऊन चढायच्या आधी,
एकेका घोसाच्या देठाला टिचकी मार. हळू.
तुटलेला धागा न बघता जोडणारी बोटं त्याची.
अक्का, किती वेळा मारायची?
अरे, मागाचा वेग तुला माहीत,
मला काय विचारतोस?

तेवीस निघाले. लहान,
खांद्यापाशी तडकलेले, उन्हाकडून पांढुरके.
बाजारात कुणी उचलले नसते.
तव्यावर भाजले, लसूण आणि मीठ घालून ठेचले,
कडक भाकरी मोडून घातली.
मल्लेशमने एक उभ्यानेच कच्चा खाल्ला.
आंबट आहे, म्हणाला,
आणि दुसरा मागितला.

अजून येतो सकाळी.
फुलं संपली. पानंही करपलीत.
जाता जाता डब्याच्या कडेवर
टिचकी मारतो, आणि कान देतो.